अ‍ॅक्टिनचा तंतू वाढवतं कोण आणि आवरतं कोण?

गोदाकाठची | शुक्रवार, रात्री ९.१०

अ‍ॅक्टिन हे पेशीचा सांगाडा घडवणारं प्रथिन. पेशीत जेवढं अ‍ॅक्टिन असतं तेवढंच शुद्ध अ‍ॅक्टिन नळीत घेतलं, त्यात मीठ आणि मॅग्नेशियम घातलं, तर काही मिनिटांत जवळपास सगळ्याचे तंतू होतात आणि द्रावण घट्ट होतं. पेशीत मात्र त्यातलं बरंचसं सुटंच राहतं, आणि गरज पडली की काही सेकंदांत, नेमक्या जागी तंतू उभे राहतात. हे कसं जमतं, यावर हा धागा. मी नाशिकला बीएस्सीच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवते. अभ्यासक्रमात हा विषय पान-दीड पानात उरकतात: पेशीत तीन प्रकारचे तंतू, त्यांच्या जाड्या, की पुढचा धडा सुरू. खरा विषय तिथून पुढे आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. अ‍ॅक्टिनला वाढायला कुणी शिकवावं लागत नाही, ते आपसूक वाढतं. पेशीची बहुतेक यंत्रणा त्याला अडवण्यात गुंतलेली असते, आणि तिचा वेगही या अडवण्यातूनच येतो.

थोडी ओळख. अ‍ॅक्टिन १९४२ साली हंगेरीतल्या सेगेडमध्ये स्ट्राउब यांनी सेंट-ग्यॉर्गींच्या प्रयोगशाळेत स्नायूंमधून वेगळं केलं. एक रेणू म्हणजे ३७५ अमिनो आम्लांची साखळी, मध्ये खाच, खाचेत एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू). हे रेणू एकमेकांना चिकटून सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा पिळदार तंतू होतो. प्रत्येक नवा रेणू तंतूची लांबी २.७ नॅनोमीटरने वाढवतो. सगळे रेणू एकाच दिशेला तोंड करून बसतात, त्यामुळे तंतूची दोन टोकं सारखी नसतात. एकाला बार्ब्ड टोक म्हणतात, दुसऱ्याला पॉइंटेड. सुट्या अ‍ॅक्टिनचं प्रमाण एक मायक्रोमोलर असेल तर बार्ब्ड टोकाला सेकंदाला साधारण ११ ते १२ रेणू येऊन बसतात, पॉइंटेड टोकाला जेमतेम एक. बार्ब्ड टोक वाढत राहायला ०.१ मायक्रोमोलरएवढं अ‍ॅक्टिन पुरतं, पॉइंटेड टोकाला त्याच्या पाच-सहा पट लागतं.

आता पेशीकडे बघा. सुटं अ‍ॅक्टिन दहा मायक्रोमोलरपासून शंभर किंवा त्याहून जास्त. म्हणजे गरजेच्या शेकडो पट. तरीही ते गप्प बसलंय, याला दोन प्रथिनं मुख्यतः जबाबदार आहेत. थायमोसिन बीटा-४ सुट्या रेणूला असं धरतं की तो कुठल्याच टोकावर बसू शकत नाही. प्रोफिलिन वेगळ्या पद्धतीने धरतं. ते रेणूची एक बाजू झाकतं, पण झाकलेला रेणू बार्ब्ड टोकावर बसू शकतो. पॉइंटेड टोकावर नाही, आणि नवीन तंतूची सुरुवातही करू शकत नाही. एका प्रोफिलिनने किती गोष्टी ठरवल्या बघा: वाढ कुठल्या टोकाला, आणि कोऱ्या जागी सुरुवात बंद.

कोऱ्या जागी सुरुवात तशीही अवघडच. दोन रेणू चिकटले तर लगेच सुटतात, तीन चिकटले तरी फार टिकत नाहीत. म्हणून सुरुवात करून देणारी वेगळी प्रथिनं आहेत. त्यातलं एआरपी २/३ हे सात घटकांचं संकुल १९९४ मध्ये मचेस्की, पोलार्ड आणि सहकाऱ्यांनी अकँथअमीबा या एकपेशीय जीवात शोधलं. ते जुन्या तंतूच्या अंगावर बसतं आणि तिथून सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी काढतं. फॉर्मिनचं काम निराळं. त्याच्या दोन प्रती मिळून कडं तयार होतं, ते बार्ब्ड टोकाला धरून राहतं आणि टोक पुढे सरकलं की आपणही पुढे सरकतं. सरळ, लांब तंतू हवे तिथे फॉर्मिन, दाट जाळी हवी तिथे एआरपी २/३.

शेवटचा गट टोपी घालणाऱ्यांचा. कॅपिंग प्रथिन बार्ब्ड टोकावर बसलं की वाढ बंद. नळीत ते एकदा बसलं की सुटायला अर्धा तास लागतो, आणि पेशीत ते भरपूर असतं, त्यामुळे मोकळ्या टोकाला वाढायला काही सेकंदच मिळतात.

कापणाऱ्या प्रथिनांबद्दल कुणी विचारलं तर लिहीन. ही पोस्ट आधीच लांबलीय.

इंदिरानगरी | शुक्रवार, रात्री ९.५२

ताई, छान लिहिलंय. एक प्रश्न. अ‍ॅक्टिन आपोआपच जोडलं जातं, तर मग एटीपी कशाला जाळायचं? आमच्या सरांनी "ऊर्जा लागते" एवढंच सांगितलं होतं.

गोदाकाठची | शुक्रवार, रात्री १०.२०

जोडायला ऊर्जा लागत नाही. एडीपी (एक फॉस्फेट गमावलेला एटीपी) धरलेलं अ‍ॅक्टिनही जोडलं जातं, फक्त हळू आणि सैल. एटीपी खर्च होतो तो तंतूचं वय ओळखू यावं म्हणून. रेणू तंतूत बसला की दोनेक सेकंदांत एटीपी तुटतो, पण तुटलेला फॉस्फेट आत अडकून राहतो आणि सुटायला काही मिनिटं घेतो. त्यामुळे टोकाजवळचा भाग नवा, मागचा भाग जुना, हे तंतूच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

ते वाचणारं प्रथिन म्हणजे कोफिलिन. नव्या भागाला ते फारसं धरत नाही. जुन्या, एडीपीवाल्या भागाला धरतं, तंतूचा पीळ बदलतं, आणि जिथे कोफिलिन बसलेला तुकडा संपून मोकळा तुकडा सुरू होतो नेमक्या त्या सांध्यावर तंतू तुटतो. सुटलेले रेणू प्रोफिलिनकडे जातात, प्रोफिलिन एडीपी काढून एटीपी बसायला मदत करतं, आणि तेच रेणू परत पुढच्या टोकाला. एटीपी नसता तर जुनं आणि नवं सारखंच दिसलं असतं, आणि तोडायचं तर काय तोडायचं हे कळलंच नसतं.

दिंडोरीकर | शनिवार, सकाळी ६.४५

ताई, मी द्राक्षवाला माणूस, पण बीएस्सी अ‍ॅग्री केलंय, त्यामुळे जमेल तेवढं समजून घेतलं. तुमचं टोपी घालणारं प्रथिन वाचून आमचा शेंडा मारणं आठवलं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सबकेन (काडीवर उपकाडी) करताना सात-आठ पानांवर काडीचा शेंडा खुडतो. शेंडा गेला की जोर खाली वळतो आणि बगलफुटी निघतात. शेंडा मोकळा सोडला तर एकच काडी सरळ पळत राहते.

मग माझा प्रश्न असा, की तंतूचं टोक बंद केल्यावर तिथेही बाजूने फांद्या जास्त फुटतात का? की नुसती वाढ थांबते आणि विषय संपतो?

गोदाकाठची | शनिवार, सकाळी ११.३०

दादा, या विषयातला सगळ्यात चांगला प्रश्न तुम्ही विचारलात. या एका गोष्टीवर संशोधकांमध्ये पंचवीस-एक वर्षं चर्चा चालू आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

सुरुवातीचं कोडं असं होतं. कॅपिंग प्रथिन वाढ थांबवतं. मग ते घातल्यावर पेशीची हालचाल मंदावायला हवी. पण पेशीत कॅपिंग प्रथिन वाढवलं तर हालचाल वेगवान होते, आणि कमी केलं तर बिघडते. हे कसं?

पहिलं उत्तर नव्वदच्या दशकात कार्लिए आणि पांतालोनी यांनी मांडलं. बहुतेक टोकं बंद झाली की सुटं अ‍ॅक्टिन साचतं, आणि जी थोडी टोकं उघडी आहेत त्यांच्या वाट्याला ते सगळं येतं. म्हणजे उघडी टोकं जोरात पळतात. तुमच्या भाषेत, विरळणी केल्यावर राहिलेल्या काड्या जोमाने वाढतात तसं. बरीच वर्षं हेच उत्तर मान्य होतं.

२००८ मध्ये अकिन आणि मलिन्स यांनी शुद्ध प्रथिनं घेऊन हे मोजून पाहिलं. सूक्ष्म मण्यांवर एआरपी २/३ जागं करणारं प्रथिन लावलं, भोवती अ‍ॅक्टिन, आणि कॅपिंग प्रथिन कमी-जास्त केलं. कॅपिंग वाढलं तसे मणी जास्त वेगाने पुढे गेले खरे, पण उघड्या टोकांचा वाढीचा वेग बदललाच नाही. बदल झाला तो फांद्यांच्या संख्येत. म्हणजे तुम्ही म्हणता तेच: शेंडा मारला की बगलफूट.

कारण मात्र वेलीपेक्षा वेगळं आहे. वेलीत शेंड्यातून ऑक्सिन खाली येतं आणि डोळ्यांना दाबून ठेवतं, शेंडा गेला की दाब जातो. अ‍ॅक्टिनच्या टोकातून असा कुठलाही निरोप मागे येत नाही. इथे सरळ ओढाताण असते. एआरपी २/३ला जागं करणाऱ्या प्रथिनाला (वास्प आणि त्याचे भाऊबंद) अ‍ॅक्टिनचा एक रेणू धरणारा हात असतो. तो रेणू एकतर शेजारच्या उघड्या टोकावर जाईल, नाहीतर एआरपी २/३कडे जाऊन नवी फांदी सुरू करेल. शेजारी उघडी टोकं खूप असतील तर सगळा माल तिकडेच खपतो. ती बंद केली की माल फांद्यांकडे वळतो.

२०२१ मध्ये या चित्रात आणखी एक भर पडली. उघडी बार्ब्ड टोकं नुसता माल पळवत नाहीत, ती त्या धरणाऱ्या हातालाच अडकवून ठेवतात. कॅपिंग प्रथिनाची एक छोटी शेपूट टोकाची नेमकी तीच जागा झाकते, म्हणून हात मोकळा होतो. मला हे जास्त पटतं, कारण एका प्रथिनाच्या एका तुकड्यापर्यंत बोट ठेवून दाखवता येतं. ती शेपूट कापलेलं कॅपिंग प्रथिन टोकाची वाढ थांबवतं, पण फांद्यांना मदत करायची त्याची ताकद जाते.

दिंडोरीकर | शनिवार, दुपारी १.१५

ऑक्सिनचा फरक लक्षात आला. धन्यवाद ताई. म्हणजे खुडणाऱ्यालाही कुणी आवरणारं लागेल. सगळेच शेंडे मारले तर बाग बसेल.

गोदाकाठची | शनिवार, दुपारी १.४०

आहेत ना. व्ही-१ नावाचं छोटं प्रथिन कॅपिंग प्रथिनाला बाजूला धरून ठेवतं, आणि पेशीच्या पुढच्या कडेला कार्मिल नावाचं प्रथिन त्याला सोडवतं. फॉर्मिन बसलेल्या टोकाकडे तर कॅपिंग प्रथिनाला सहजी जाताच येत नाही.

वैद्यकी_पंचवटी | शनिवार, रात्री १०.०५

मॅडम, मी बालरोगतज्ज्ञ. तुम्ही वास्पचा उल्लेख केलात म्हणून लिहितो. आमच्या शाखेत हे प्रथिन आजाराच्या नावातून ओळखीचं आहे: विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांना होतो. १९९४ मध्ये जनुक सापडलं, तेव्हा ते अ‍ॅक्टिनशी संबंधित निघेल असं फारसं कुणाच्या मनात नव्हतं.

लक्षणं तीन: त्वचेवर एक्झिमा, वारंवार होणारे जंतुसंसर्ग (कान फुटणं, न्यूमोनिया), आणि रक्तस्राव. प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) कमी असतात, आणि आकाराने लहान असतात. ही लहान असण्याची गोष्ट फार महत्त्वाची. प्लेटलेट कमी होण्याची इतर बरीच कारणं आहेत, आणि त्यातल्या अनेकांत प्लेटलेट मोठ्या दिसतात. सीबीसीच्या (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीच्या) रिपोर्टवर एमपीव्ही नावाची ओळ असते, प्लेटलेटच्या सरासरी आकाराची. बहुतेक वेळा प्लेटलेटचा आकडा बघून कागद घडी केला जातो. लहान मुलगा, अंगावर लालसर ठिपके, एक्झिमा, सतत ताप, आणि एमपीव्ही कमी, असं एकत्र दिसलं तर तो रिपोर्ट रक्तविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवा. बोनमॅरो ट्रान्सप्लांटने हा आजार बरा होऊ शकतो आणि लवकर केलं तर निकाल चांगले येतात. पालकांनी मात्र एकट्या एमपीव्हीवरून घाबरू नये, यंत्रानुसार आणि नमुना किती वेळ ठेवला त्यानुसार तो आकडा हलतो.

तुमच्या "आवरणं" या मुद्द्याशी याचा थेट संबंध आहे. वास्प एरवी स्वतःलाच मिटून बसलेलं असतं. सीडीसी४२ हा संदेशवाहक आला की उघडतं. वास्प नसेल तर वर सांगितलेला आजार. पण २००१ मध्ये उलट प्रकारही समोर आला. एका बदलामुळे वास्प मिटतच नाही, कायम उघडं राहतं. त्या रुग्णांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कमी पडतात आणि संसर्ग होत राहतात. तंतू कमी झाले तरी आजार, जास्त झाले तरी आजार.

आणखी एक. जुलाबात रक्त पाडणारा शिगेला जिवाणू आतड्याच्या पेशीत शिरला की तिथलं एन-वास्प (वास्पचाच भाऊबंद) आपल्या अंगावर ओढून घेतो आणि मागे अ‍ॅक्टिनचं शेपूट उभं करून शेजारच्या पेशीत घुसतो. लिस्टेरिया हा दुसरा जिवाणू तर वास्पची नक्कल करणारं स्वतःचंच प्रथिन बाळगतो. पेशीबाहेर न पडताच पुढच्या पेशीत जाता येत असल्याने अँटिबॉडींना तो सापडत नाही.

निफाडचा_मास्तर | रविवार, सकाळी ८.३०

वाचतोय. माहिती उत्तम. मी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. मुलांना यातलं काही डोळ्यांनी दाखवता येईल का? आमच्याकडे साधा कंपाउंड मायक्रोस्कोप आहे, बाकी काही नाही.

काचपट्टी | रविवार, सकाळी ९.५०

सर, दाखवता येईल, आणि तुमच्याकडे त्याचा कच्चा माल बाजार समितीत ट्रॅक्टरने येतो. कांदा घ्या. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे, दरवर्षी हे करतो.

ताजा, टणक कांदा उभा चिरा. आतल्या एखाद्या जाड पाकळीच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूची पातळ पापुद्र्यासारखी साल चिमट्याने अलगद ओढा. ती काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरवा, वर कव्हरस्लिप. आयोडीन किंवा सॅफ्रानिन घालायचं नाही. धड्यात घालायला सांगितलेलं असतं, पण त्याने पेशी मरते आणि हालचाल बंद होते. आधी १० एक्सवर पेशी शोधा, मग ४५ एक्सवर जा. आता महत्त्वाचं: कंडेन्सरखालचा डायफ्राम बराच बंद करा. उजेड जास्त असेल तर पेशी रिकामी दिसते. उजेड कमी केला की पेशीच्या कडेने आणि केंद्रकापासून निघालेल्या बारीक दोऱ्यांमधून छोटे छोटे कण सरकताना दिसतात. काही थांबतात, काही एकाच दोऱ्यात विरुद्ध दिशांना जातात. साल ओढल्यावर पेशी दचकलेल्या असतात, म्हणून पाचदहा मिनिटं थांबून बघा. थंडीत पाणी कोमट घ्या. साल सुरकुतली असेल तर दुसरी काढा, सुरकुतीत काही दिसत नाही.

गोदाकाठची | रविवार, सकाळी १०.३०

फार छान. सरांनी मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी. ते कण हलतात ते मायोसिनमुळे. मायोसिन अ‍ॅक्टिनच्या जुड्यांवरून कण ओढत नेतं. म्हणजे दिसतो तो अ‍ॅक्टिनचा रस्ता वापरात असलेला, तंतू वाढताना दिसत नाही. एकटा तंतू या मायक्रोस्कोपला दिसूच शकत नाही, तो प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने फारच बारीक आहे.

वनस्पतीच्या पेशीत एकेका तंतूची वाढ बघायला त्यावर चमकणारं प्रथिन जोडावं लागतं. तसं अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपात २००९ मध्ये केलं गेलं. तंतू सेकंदाला सुमारे १.७ मायक्रोमीटर वाढताना दिसले. २.७ नॅनोमीटरने भागलं तर सेकंदाला सहाशेहून जास्त रेणू! आणि लगेच जागोजागी तुटतानाही दिसले. बहुतेक तंतूंचं आयुष्य अर्ध्या मिनिटाच्या आसपास. मुलांना हा भागाकार फळ्यावर करायला द्या, त्यांना आवडेल.

निफाडचा_मास्तर | रविवार, सकाळी ११.०५

उद्याच करतो. दोघांचेही आभार.

इंदिरानगरी | रविवार, रात्री ८.४०

ताई, मी दोन दिवस हे वाचतेय आणि एक शंका आहे. फॉर्मिन आणि एआरपी २/३ दोघांनाही एकाच साठ्यातून अ‍ॅक्टिन लागतं ना? मग एकाने जास्त घेतलं तर दुसऱ्याचं काय?

गोदाकाठची | रविवार, रात्री ९.१५

दुसऱ्याचं कमी होतं, आणि हे प्रयोगातून दिसलंय. फिशन यीस्ट या एकपेशीय बुरशीमध्ये एआरपी २/३ला सीके-६६६ या औषधाने बंद केलं तर त्याच्या जाळ्या विरतात, आणि फॉर्मिनचे लांब तंतू पेशीभर वाढतात. नवं अ‍ॅक्टिन बनवावं लागत नाही, अडलेला माल मोकळा होतो एवढंच. २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की ही वाटणी प्रोफिलिन ठरवतं. फॉर्मिनकडे प्रोफिलिन धरलेला रेणू पकडायची खास दोरी आहे, तर एआरपी २/३च्या फांदीला प्रोफिलिन आड येतं. म्हणून प्रोफिलिन वाढलं की पारडं फॉर्मिनकडे झुकतं.

दिंडोरीकर | सोमवार, सकाळी ६.३०

ताई, शेवटचं विचारतो. एवढ्या प्रथिनांतली कोणती अगदी लागतातच? आम्हाला फवारणीच्या वेळापत्रकातही हेच शोधावं लागतं, कशावाचून भागेल आणि कशावाचून नाही.

गोदाकाठची | सोमवार, सकाळी ७.५०

याचं उत्तर १९९९ मध्ये फ्रान्समधल्या कार्लिए यांच्याच गटाने दिलं. डॉक्टरांनी वर सांगितलेला लिस्टेरिया घेतला, आणि शिगेलाची जागा घेणारा, पृष्ठभागावर आयसीएसए (शिगेलाचं एन-वास्प ओढून घेणारं प्रथिन) असलेला ई. कोलाय जिवाणू. पेशी नाहीच, फक्त नळीत शुद्ध प्रथिनं आणि एटीपी. एकेक घालून, एकेक काढून बघितलं. जिवाणू पुढे सरकायला अ‍ॅक्टिन, जागं झालेलं एआरपी २/३, कोफिलिनच्या घराण्यातलं एडीएफ आणि कॅपिंग प्रथिन एवढ्यांत भागलं. ई. कोलायला मात्र एन-वास्पही घालावं लागलं. प्रोफिलिन घातल्यावर चाल सुधारली, पण त्यावाचून अडलं नाही. मायोसिन तर लागलंच नाही.

आणि तुमच्या शनिवारच्या मुद्द्याचं उत्तरही त्यातच आहे. कॅपिंग प्रथिन काढलं की जिवाणूभोवती अ‍ॅक्टिन वाढायचं, पण तो जागचा हलायचा नाही. फार घातलं तरी वेग पडायचा. एडीएफचंही तसंच, कमी पडलं तरी मंद आणि जास्त झालं तरी मंद.